टिकलीएवढं बटण

कल्पना करा, मुलांनो, तुम्ही स्वतः मोबाइलचं अ‍ॅप बनवलंय. शर्वाणीने आबांसाठी तसं बनवलं होतं. मधोमध टिकलीएवढं सुबक हिरवं बटण होतं; दाबलं की फोन थेट तिला.

आठवडाभर फोन आला नाही. रविवारी ती आबांकडे जाऊन फुरंगटली. “विसरलात ना मला?”

“अगं, रोज दाबतो. वाटलं, तू अभ्यासात असशील.”

“थापा नका मारू, आबा!” तिने अ‍ॅपमधली स्पर्शांची नोंद उघडली. बोट टेकलं तिथे तिथे लाल ठिपका उमटला होता. बटणाभोवती कितीतरी ठिपके होते, बटणावर एकही नव्हता.

आबांनी थरथरता हात खिशात घातला.

शर्वाणीला मान वर करवेना. तिने तिथेच बटण पडद्याएवढं केलं. मग मोबाइल आबांना देऊन ती जिन्यात फोनची वाट पाहत बसली.