सोफ्यावरचं परीक्षण

बाळ झोपताच शर्वरीने नवऱ्याने लिहिलेलं, पेपरात आलेलं परीक्षण वाचलं. "नाचाचा हा व्हिडिओ गेम म्हणजे रिकामटेकड्या बायकांचा विरंगुळा. साधा घामसुद्धा येत नाही."

तिचा कुर्ता अजून घामाने ओला होता. बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी, याच गेमसमोर, तिचे पाय पुन्हा तिचे झाले होते.

"अरे, तू खेळलास तरी कसा?" तिने सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याला विचारलं.

"नुसता रिमोट हलवला की गुण मिळतात. सोफ्यावर बसून नव्वद काढले!"

"आणि मी घाम गाळून साठ! स्वतः नाचला नाहीस आणि नाचणाऱ्यांना नावं ठेवतोस?"

तिने सोफा भिंतीपर्यंत ढकलला, रिमोटचा पट्टा त्याच्या मनगटात अडकवला.

"ऊठ. एक गाणं नाच, मग लिही."

निम्म्या गाण्यातच तो धापा टाकत फरशीवर बसला. त्याने टॉवेल मागितला. तिने पेन दिलं.