चिठ्ठी नसलेली बाटली

तिसरी चिठ्ठीही वाकडी लागली. बाबांनी ती नखाने खरवडून काढली आणि पुन्हा लिहिली: पाणी.

ओट्यावरच्या एकूण एक बाटलीवर, डब्यावर आता चिठ्ठी होती. मीठ. साखर. तेल. आई जाऊन बारा आठवडे झाले होते.

"तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंस," आत्या म्हणाली. "बाटलीला चिठ्ठी नसली की पोरांना वर्गाबाहेर काढायचास. आणि घरात तुंबलेल्या मोरीसाठी कॉस्टिक सोडा कालवून ठेवलास तो पिण्याच्या बाटलीत!"

"चुकलंच माझं, ताई."

मुलगी पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती.

"माझ्यात दूध नको गं, लिंबू पिळ."

"लिंबं नाहीत."

"परवाही नव्हती. लिंबांशी काय वैर आहे तुझं?"

मुलीने कप पुढे ठेवला. आत्याने तिचा हात धरला.

"अगं, एकदा म्हण त्याला, बाबा, मी तुम्हाला माफ केलं म्हणून. खंगत चाललाय तो. तुझ्या एका शब्दासाठी अडलाय."

मुलीने हात सोडवून घेतला आणि गाळणी विसळायला घेतली. त्या दुपारी आईजवळ ती एकटीच होती. बाबा बाहेरून आले ते अॅम्ब्युलन्सच्या जेमतेम पाच मिनिटं आधी. "एका घोटाने आतून इतकं भाजत नाही. वरून काही पाजलंत का?" डॉक्टरांनी तिला विचारलं होतं. "पाणी," बाबाच घाईने म्हणाले होते.

"दगड आहेस नुसती," म्हणत आत्याने पिशवी उचलली. चहा तसाच राहिला.

जिन्यातली पावलं थांबली. मग बाबांनी एक कोरी चिठ्ठी घेतली आणि फळ्यावर लिहावं तशा ठळक अक्षरात लिहिलं: आम्ल + आम्लारी = क्षार + पाणी.

"आठवीत तुला हे मीच शिकवलं," ते म्हणाले. "लिंबू आम्ल, सोडा आम्लारी. किती पाठ होतं तुझं."

"बाबा..."

"पिळलेली लिंबं मी अॅम्ब्युलन्स यायच्या आत फेकली. ताई काय दोष देईल तो मलाच देऊ दे."

तिने ओट्याची कड घट्ट धरली. बाबांनी चिठ्ठी पुन्हा पुढ्यात ओढली आणि 'पाणी'च्या पुढे आणखी एक शब्द लिहिला: + उष्णता.

"एवढं फळ्यावर लिहायचं राहिलं होतं, बाळा."