न जुळणारं पॅकेज

लॅपटॉप अपग्रेड करायचा म्हटलं की सुवर्णाचा नवरा हर्षल उखडायचा. "चाललाय ना? मग हात लावू नको. तू बिघडवणार आणि निस्तरायचं मी," असं तो चारचौघांतही सुनावायचा. पण ऑफिसने सगळ्यांना लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं नवं व्हर्जन सक्तीचं केलं, तेव्हा देवळाली कॅम्पच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बेडरूमचं दार लावून तिने स्वतःच अपग्रेड सुरू केलं.

सुरुवातीलाच ते अडलं. एक पॅकेज, म्हणजे लॅपटॉपवर आधीच टाकलेला एक छोटा प्रोग्रॅम, नव्या व्हर्जनशी जुळत नव्हतं, ते काढल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. ते आपण कधी टाकलं, तिला आठवेना. तिने त्याची सेटिंग उघडून पाहिली. कीबोर्डवर टाइप होणारं अक्षर न् अक्षर ते गुपचूप एका मोबाइलवर पाठवत होतं. नंबर हर्षलचा होता.

सायखेड्याला माहेरी आईला, मैत्रिणींना लिहिलेलं याला कळतं कसं, हे कोडं तिला वर्षभर सुटलं नव्हतं. पॅकेज काढून टाकायला ती निघालीच होती, पण थांबली. तिने अपग्रेड रद्द केलं, एक कोरं पान उघडलं आणि सावकाश टाइप केलं, "हर्षल, वाचतोयस ना? उद्या मी वकिलाकडे जातेय. तूही एखादा बघून ठेव."



बाहेर हॉलमध्ये हर्षलचा मोबाइल वाजला, आणि लगेच टीव्ही बंद झाला.