नवा पासवर्ड

नोकरीची मुलाखत ठरली, की रश्मीच्याच ईमेलवरून परस्पर 'मला जमणार नाही' असं कळवलं जायचं. तिने दोनदा पासवर्ड बदलला, तरी तेच. शेवटी घरी न सांगता ती लॅपटॉप घेऊन खारीगावातल्या रिपेअरिंगच्या दुकानात गेली.

"ताई, आत एक प्रोग्राम लपून बसलाय," दुकानदार म्हणाला. "तुम्ही टाइप करता ते सगळं बाहेर पाठवतोय. याच्यावरच पासवर्ड बदलून काय फायदा? नवीनपण त्यालाच मिळतो."

"पण आला कुठून?"

"कुठल्यातरी फाइलसोबत आला असेल. फॉरमॅट मारून देतो. पासवर्ड मात्र दुसरीकडून बदला. फोन आहे ना?"

होता की. नवऱ्याने वाढदिवसाला दिलेला, सगळं सेटिंग स्वतः करून. तिथेच स्टुलावर बसून तिने नवा पासवर्ड ठेवला, त्यात माहेरचं आडनाव घातलं. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं.




रिक्षात बसते तोच नवऱ्याचा मेसेज आला, "माहेरचं आडनाव अजून सुटत नाही वाटतं. ये घरी."