समाधानाने पायउतार

“कुटुंबाला अधिक वेळ देता यावा म्हणून मी समाधानाने पायउतार होत आहे,” मार्लिन वीनस्ट्राने मोठ्याने वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. “हे मी कधी म्हणाले?”

“आज दहा वाजता म्हणणार आहात,” टॉड म्हणाला. “तुम्ही फक्त हो म्हणा.”

टॉड न्यूयॉर्कहून आला होता, डोनटचा खोका घेऊन. कुणाला नोकरीवरून काढायला जाताना गोड काहीतरी न्यावं, हे त्याला मार्लिननेच शिकवलं होतं. ग्रँड रॅपिड्समधली ही जनसंपर्क कंपनी तिने तेहतीस वर्षांपूर्वी काढली, टॉडला इथेच घडवलं आणि चार वर्षांपूर्वी कंपनी न्यूयॉर्कच्या एका बड्या कंपनीला विकली; टॉड आता त्यांच्याकडे होता. अध्यक्षपद तिच्याकडेच राहील, असं तेव्हा ठरलं होतं. तसं निवेदनही निघालं होतं. तेही तिनेच लिहिलं होतं.

“माझं कुटुंब म्हणजे कोण रे?”

टॉडने विचार केला. “मांजर?”

“ती गेली. मागच्या मार्चमध्ये. तू फुलं पाठवली होतीस.”

“मी? अच्छा. ऑफिसने पाठवली असतील.”

वाक्य मात्र तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. एका बिअर कारखान्यातून हाकललेल्या साहेबासाठी तिने ते पहिल्यांदा लिहिलं. पेपरात ते वाचून साहेबाच्या बायकोने त्याच दुपारी घटस्फोटाचा वकील गाठला. पुढे मार्लिनने या धंद्यावर लिहिलेल्या पुस्तकात ते नमुना म्हणून छापलं गेलं. पुस्तक खपलं, आणि तेव्हापासून देशभरातले हाकललेले साहेब समाधानाने घरी जाऊ लागले. त्यांतल्या एकानेही ते वाक्य तोंडाने उच्चारलं नव्हतं. धंद्याची रीतच तशी. जनसंपर्कवाल्यांनी लिहायचं, साहेबांनी मान हलवायची, पेपरवाल्यांनी शेवटी ‘असे ते म्हणाले’ जोडायचं.

“हो म्हणालात तर दारावर तुमचं नाव राहील,” टॉड म्हणाला. “नाहीतर सोमवारी पाटी उतरेल. तेहतीस वर्षांचं नाव आहे, मार्लिन. उगाच हट्ट करू नका.”

“स्क्रू ड्रायव्हर खालच्या कपाटात आहे,” मार्लिन म्हणाली. “जरा जोर लावावा लागेल. स्क्रू मीच पिळलेत.”

तिने फोन उचलला आणि गस पालुचला लावला. गावातल्या दैनिकाचं उद्योगपान तो तीस वर्षं सांभाळत होता.

“गस, मार्लिन बोलतेय. मला काढून टाकलंय.”

“अरेरे! वाईट झालं. बरं, निवेदन पाठव, उद्याच्या अंकात घेतो.”

“निवेदन नाही. तू विचार, मी सांगते. जे सांगेन ते माझ्या नावानिशी छाप.”

टॉड अर्धा डोनट हातात घेऊन उभा राहिला. “मार्लिन, फोन ठेवा. प्लीज.”

तिने ठेवला नाही. तीस वर्षांत गसने तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

“चालेल,” गस म्हणाला. “पण काय विचारू, तेवढं लिहून पाठवशील?”

“नाही,” मार्लिन म्हणाली. “प्रश्न कसे विचारतात ते आठव. मी थांबते.”