दुःख दिसायला हवं

पिनांगच्या कॅमेरा क्लबाचा रिवाजच असा, की फोटो पडद्यावर बिननावाचा येतो, नाव बैठकीच्या शेवटी सांगतात आणि त्यावर टीका चालू असताना काढणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. यंदाच्या स्पर्धेचा विषय होता 'दुःख'. त्याआधीच्या सरावाच्या बैठकीत नवख्या हूंगचा फोटो लागला. वडील गेल्यानंतर त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेली त्याची आई.

क्लबातले सगळ्यात जुनेजाणते तिओकाका चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "काय हो, ही बाई शोक करतेय, की हिची दाढ दुखतेय?"

सगळे खो खो हसले.

"अरे, दुःख कसं आतून फुटून आलं पाहिजे! हिचं तोंड तर बसची वाट बघितल्यासारखं. चला, पुढचा."

रिवाजाप्रमाणे हूंग गप्प बसला. बाहेर पडल्यावर मात्र त्याला घरी जाववेना. आईला काय तोंड दाखवणार? बंदराच्या धक्क्याच्या पायरीवर बसून, कॅमेरा पोटाशी धरून तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या बक्षिसाचा फोटो पडद्यावर आला आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. धक्क्याची पायरी, मावळतीचं ऊन आणि पोटाशी कॅमेरा धरून रडणारा एक माणूस.

बक्षिसाची ढाल घेऊन परतताना तिओकाका हूंगच्या खुर्चीपाशी थांबले आणि मायेनं त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले,



"त्या दिवशी तुला एवढं बोललो, ते काय उगाच?"