वाटून घेतलेला थकवा

थकवा एकमेकांत वाटून घेता येणारं, विडी कामगारांनी लढून मिळवलेलं कडं गल्लीत प्रत्येकाच्या मनगटावर होतं. नरसव्वा त्यातून फक्त इतरांचा थकवा घ्यायची. आपला तिने कधी कुणाला दिला नव्हता. पण आज अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला कुशीवर वळवताना तिचे हात लटपटले आणि तो पलंगावरून पडता पडता वाचला.

शेजारची रेणुका धावत आली. "आता तरी दे की गं."

"मला सवय आहे."

"माझ्या बाळंतपणात माझा घेतलास, तेव्हा मी नको म्हटलं का?" म्हणत रेणुकाने नरसव्वाचं कडं उलटं, देण्याच्या बाजूला फिरवलं.

नरसव्वाच्या खांद्यांवरून काहीतरी उतरत गेलं. ती दारात आली आणि बघतच राहिली. भर दुपारी अख्ख्या गल्लीला जांभया येत होत्या. शिंप्याचं मशीन थांबलं होतं. भाजीवालीने टोपलीला टेकून डोळे मिटले होते. कुणी केरसुणी हातात धरूनच पायरीवर बसलं होतं.

मागे पलंगावर नवऱ्यानेही मोठी जांभई दिली. कडं त्याच्याही मनगटावर होतं, हे ती विसरूनच गेली होती.

"माझ्याही वाट्याला आला," तो म्हणाला. "किती वर्षांनी काम करून दमल्यासारखं वाटतंय."